पांदण रस्त्यावर सायकलवरची पाण्याची बाटली उडते, केज (बाटली धरणारा सांगाडा) कोणता घ्यावा?

पांदणवाट

नमस्कार मंडळी. तालुक्यापासून गावापर्यंत १४ किमी. त्यातले ५ किमी डांबरी, मग गिट्टी उघडी पडलेला जुना खडीकरणाचा तुकडा आणि शेवटी पांदण. पावसाळ्यात काळ्या मातीत पडलेल्या बैलगाडीच्या चाकोऱ्या आता वाळून दगड झाल्यात. नेमकी त्याच तुकड्यात बाटली उडते.

सायकल साधी ॲल्युमिनिअम फ्रेमची एमटीबी (माउंटन बाइक), पुढे सस्पेन्शन, टायर २६ × २.१. केज सायकलीसोबत आलेला काळा प्लास्टिकचा, सीटखालच्या नळीवर बसवलेला. बाटली कधी ७५० मिलीची सायकलची, कधी दुकानातली एक लिटरची पाण्याची. दोन्ही उडतात, लिटरवाली जास्त. उन्हाळ्यात मधल्या टप्प्यात पाणी मिळत नाही, म्हणून बाटली पडून मागे राहिलेली परवडत नाही.

ॲल्युमिनिअमचा घ्यावा, स्टीलचा की चांगल्या प्लास्टिकचा? खालच्या तिरक्या नळीवर बसवला तर फरक पडेल का? लिटरची बाटली घट्ट धरणारा केज असतो का? बजेट पाचशेच्या आत.

नटबोल्ट

नवा केज आणण्याआधी बाटली नेमकी का उडते ते पाहा, दहा मिनिटांचं काम आहे. एक तर बाटलीची जाडी केजला जुळत नसते, किंवा केजची वरची जीभ बाटलीच्या खाचेत बसत नसते, नाहीतर मुळात केजच फ्रेमवर ढिला असतो. शेवटचं कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं आणि तेच कुणी तपासत नाही.

बोल्टपासून सुरुवात करा. केजच्या दोन भोकांमधलं अंतर ६४ मिमी, बोल्ट एम५ (५ मिमी जाडीचा), आटे ०.८ मिमी अंतराचे. कुठल्याही कंपनीचा केज घ्या, माप हेच. एलन की (षटकोनी चावी) सहसा ४ नंबरची, बोल्टचं डोकं चपटं-गोल असेल तर ३ नंबरची. रिकामा केज वरून धरून डावी-उजवीकडे हलवा. केज लवचिकपणे वाकला आणि बोल्टपाशी शांत राहिला तर ठीक. बोल्टपाशी ‘टक्’ वाजलं तर समजा एक बोल्ट तरी सुटलाय. ढिल्या केजला प्रत्येक खड्ड्यात दोन झटके बसतात, एक रस्त्याचा आणि दुसरा केज परत फ्रेमवर आपटण्याचा. बाटली त्या दुसऱ्या झटक्याला निघते.

दोन्ही बोल्ट काढा, आटे जुन्या टूथब्रशने थोडं पेट्रोल लावून साफ करा, वाळू द्या. आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकचा (बोल्ट सुटू न देणाऱ्या गोंदाचा) एकच थेंब. लाल घेऊ नका, तो उघडायला तापवावा लागतो आणि फ्रेमचा रंग जातो. थ्रेडलॉक मिळत नसेल तर एम५ चा स्प्रिंग वायसर चालतो, हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळतो. पण ग्रीस आणि थ्रेडलॉक एकाच बोल्टला लावायचं नाही, ग्रीसवर थ्रेडलॉक धरतच नाही.

आवळायचं किती? धातूच्या केजला ३ ते ४ न्यूटन मीटर, प्लास्टिकला २ ते ३. टॉर्कचा पाना घरी कुणाकडे नसतो, म्हणून एलन कीची लांब दांडी फक्त दोन बोटांनी ओढा, बोल्ट थांबला की थांबा. मूठ लावली की जास्त झालं. प्लास्टिकच्या केजमध्ये बोल्टच्या डोक्याखाली १० मिमी रुंद सपाट वायसर हवाच, नाहीतर डोकं हळूहळू प्लास्टिकमध्ये रुतत जातं आणि बोल्ट आपोआप ढिला होतो. पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा आवळा, तेवढ्यात प्लास्टिक थोडं बसलेलं असतं.

बोल्टची लांबी १२ मिमी पुरते. आटे निदान पाच पूर्ण फेऱ्यांनी आत गेले पाहिजेत. सीटखालच्या नळीवर मात्र लांब बोल्ट लावून पाहू नका. आत शिरलेलं टोक सीटच्या दांड्याला लागतं, सीट खाली करताना ओरखडा पडतो आणि बोल्टचे आटेही मोडतात.

आता बाटली. सायकलच्या बाटलीचा व्यास ७३-७४ मिमी असतो. व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) नसेल तर दोरी गुंडाळा, घेर २३ सेमीच्या आसपास भरला पाहिजे. साडेबावीसच्या खाली असेल तर बाटली सैल बसणार. आणि बाटलीला वरच्या तिसऱ्या भागात आडवी खाच आहे का पाहा. केजची जीभ त्या खाचेत ‘कट्’ करून बसली पाहिजे. खाच नसेल तर सगळा भार केजच्या हातांच्या, म्हणजे बाटलीला दोन्ही बाजूंनी वेढणाऱ्या भागांच्या, घट्टपणावर येतो.

यानंतर ओढून पाहायचं. बाटली काठोकाठ भरा, मानेला सुतळीचा फास घाला, त्यात भाजीवाल्याकडे असतो तसा लटकता काटा अडकवून बाटलीच्या सरळ रेषेत वर ओढा. ७५० मिलीची भरलेली बाटली साधारण ८३० ग्रॅमची. चाकोरीतून उतरताना तिच्या वजनाच्या तिप्पट झटका धरला तर अडीच किलो होतात. म्हणजे काट्यावर साडेतीन-चार किलो दिसल्यावर बाटली सुटावी. दोन किलोला सुटत असेल तर ती पांदणीत टिकणार नाही. सहा-सात किलो लागत असेल तर एका हाताने काढताना सायकलच हलेल.

काळीमाती

नटबोल्ट भाऊ बरोबर सांगून राह्यले. फक्त दोरीपेक्षा सोपं गेज तुमच्या वावरातच पडलं असंन. मोटरीच्या लाइनच्या पीव्हीसी पाइपाचा वीतभर तुकडा आणा. ७५ चा पाइप म्हणजे बाहेरून ७५ एमएम, सायकलच्या बाटलीपेक्षा एक-दोन एमएम जाड. तो केजमध्ये टाका. दाबून बसला, काढताना केजचे हात ओढल्या गेले, तर केज चांगला हाय. सहज सरकला तर केज फाकला, मग त्यात बाटली कितीही महागाची टाका, उडणारच.

फाकलेला केज ॲल्युमिनिअमचा असंन तर फेकू नका. ६३ चा पाइप घ्या, केजचे हात त्याच्यावर दाबून पुरते टेकवा. सोडले का थोडे मागं उघडते आणि ७० च्या आसपास येऊन थांबते. बाटली ७३ ची, म्हणजे तीन एमएमची पकड भेटली. स्टीलचा केज जास्त मागं येते, त्याले दोन-तीनदा दाबा लागते. हे काम केज फ्रेमवरून काढूनच करा. फ्रेमवर ठेवून दाबला तर सगळा जोर आट्यांवर जाते.

वरची जीभ बी पाहा. ती बाटलीच्या खाचेपासून दूर राह्यली असंन तर पक्कडीच्या तोंडात फडकं धरून दोन एमएम आत घ्या. फडकं नसलं तर पक्कडीचे दात उमटते आणि तिथूनच चीर जाते.

ॲल्युमिनिअमचं एक ध्यानात ठेवा, ते दोन-तीनदा वाकवलं का त्यातला जीव गेला. चौथ्यांदा वाकवू नका. चीर नेहमी वेल्डिंगपाशी नाही तर खालच्या बोल्टपाशी येते, केसासारखी काळी रेघ दिसते. नखाने चाचपून पाहा, नख अडलं तर केज बदला.

आणि फुकटातली गोष्ट. मोटरसायकलची रद्दी ट्यूब पंक्चरवाल्याकडून आणा. सपाट ठेवल्यावर ८-९ सेमी रुंद भरणारी पाहा. त्याची अडीच सेमी रुंदीची आडवी रिंग कापा, भाकरीच्या काठासारखी गोल निघते. ते केजच्या दोन्ही हातांवरून बाहेरून चढवा, बाटलीवरून नाही. केजचे हात कायम आत ओढून धरते, बाटली एका हातानं निघते, परत टाकताना काही सोडा-बांधा लागत नाही. उन्हात दोन-तीन महिन्यांत रिंगेले बारीक भेगा पडते, तवा नवी कापा.

घाटवाट

रिंग उपयोगी आहे, पण तिच्यावर सगळा भरवसा टाकू नये. हातांमध्ये धूळ शिरली की रबर आणि ॲल्युमिनिअम दोन्ही घासतात. त्यापेक्षा मुळात केज कुठल्या घडणीचा घ्यायचा ते नीट ठरवा. मूळ प्रश्नाकडे येतो.

ॲल्युमिनिअमच्या सळईचा केज हलका, स्वस्त, वाकवता येतो, पण वर सांगितल्याप्रमाणे थकतो. रोज पांदणीत चालवायचं तर ५ मिमीची बारीक सळई नको, ६ मिमीची किंवा पोकळ नळीची घ्या. बाटलीवर ॲल्युमिनिअमचा काळसर डाग पडतो, त्याने काही बिघडत नाही, फक्त हात काळे होतात.

खऱ्या स्टेनलेसचा केज सगळ्यात टिकाऊ. स्टीलला स्प्रिंग असते, धक्का खाऊन परत जागेवर येतं. परदेशात किंग केजसारखे पोकळ स्टेनलेस नळीचे केज याच गुणासाठी लोक वर्षानुवर्षं वापरतात. इकडे बाजारात मात्र स्टेनलेस म्हणून चमकदार मुलामा दिलेलं लोखंडही खपतं. चुंबक लावून पाहा. खरं स्टेनलेस वाकवल्यावर किंचित ओढतं, पण लोखंडाला चुंबक फट्कन चिकटतो. मुलाम्याचा केज घेतलाच तर वेल्डिंगपाशी पहिल्या पावसात तांबूस ठिपके येतील.

प्लास्टिक म्हटलं की लोक नाक मुरडतात, ते चूक आहे. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा चांगला केज खडबडीत रस्त्यावर धातूपेक्षा जास्त घट्ट धरतो, कारण त्याचे हात बाटलीला जवळजवळ सगळीकडून वेढतात आणि जीभ खाचेत कुलपासारखी बसते. एलिटसारख्या कंपन्यांचे रेसिंगचे केज असेच असतात. सायकलीसोबत फुकट येणारं प्लास्टिक वेगळं. ते दाबल्यावर वाकतं तिथे पांढरट पडतं, आणि पांढरट झालं की तिथून मोडणार हे नक्की. शिवाय ४५ अंशाच्या उन्हात सायकल उभी राहिली की ते मऊ होतं. दुपारी उन्हातून काढलेल्या सायकलवरचा केज बोटांनी फाकवून पाहा आणि तोच सकाळी पाहा, फरक हाताला लागतो. बाटलीही त्याच उन्हात मऊ होते. म्हणून बाटली दुपारी जास्त उडते. तुमच्याकडेही तसंच होत असणार.

पाचशेच्या आत माझी पसंती: वेढा जास्त असलेला, काचतंतू-नायलॉनचा, धातूच्या वायसरसह येणारा. डेकॅथलॉनमध्ये किंवा जिल्ह्याच्या सायकल दुकानात घेताना आपली बाटली सोबत न्या. काउंटरवरच बाटली आत टाका, केज हातात उलटा धरा आणि खाली जोराने झटका द्या. भरलेली बाटली पाच झटक्यांत जागची हलली नाही तर घ्या. रिकाम्या बाटलीने तपासणं फुकट आहे, रिकामी कुठल्याही केजमध्ये टिकते.

बाजूने काढायचा केज फ्रेम छोटी असेल तरच घ्या. तो एका बाजूला उघडा असतो, आणि पांदणीत दोन्ही बाजूंनी पऱ्हाट्या-तुऱ्हाट्या लागतात. उघडी बाजू काट्याकुट्यांकडे राहिली तर बाटली ओढली जाते.

नळीचा प्रश्न: सीटखालची नळी जवळजवळ उभी, सुमारे ७३ अंशांत. खड्ड्याचा झटका वर-खाली असतो, म्हणून तो जवळजवळ पूर्णच्या पूर्ण बाटलीच्या लांबीच्या दिशेने जातो, म्हणजे बाटली वर फेकायला. तिरकी नळी ४५ अंशांच्या आसपास, तिथे त्या दिशेला झटक्याचा साधारण ७० टक्केच भाग येतो. उरलेला जोर बाटलीला नळीपासून बाहेर ढकलतो आणि तो हातांना पेलावा लागतो. म्हणून वेढा चांगला असलेला केज तिरक्या नळीवर, हाच सरस जोड. तुमची सायकल मागे सस्पेन्शन नसलेली, त्यामुळे मागच्या चाकाचा मार सीटखालच्या नळीला थेट बसतो, हेही त्यात आलं.

एक मात्र विसरू नका. टायरमध्ये हवा किती आहे? पंक्चरवाल्याकडे ५० पीएसआय भरून येत असाल तर कुठलाच केज पुरणार नाही. २.१ टायर, ट्यूबवाला, ६५-७० किलोचा माणूस: मागे ३२, पुढे २८ पुरे. अगदी २० पर्यंत खाली नेऊ नका, गिट्टीवर रिम आपटून ट्यूबला दोन दातांसारखी भोकं पडतात.

पांदणवाट

धन्यवाद सगळ्यांना. तपासलं. ७५० च्या बाटलीचा घेर २३ सेमी, म्हणजे बरोबर. लिटरच्या बाटलीचा २५ सेमी. काट्यावर ७५०ची बाटली दीड किलोलाच सुटते. हवा ४८ होती.

आणि नवीन अडचण सापडली: केजचा खालचा बोल्ट गोल गोल फिरतो, आवळलाही जात नाही आणि निघतही नाही. फ्रेममधला नट फिरतोय असं वाटतं. आता?

नटबोल्ट

दीड किलो, ४८ पीएसआय आणि फिरणारा नट. मग केजला कशाला दोष द्यायचा!

ॲल्युमिनिअम फ्रेममध्ये आटे थेट पाडलेले नसतात, पातळ नळीत रिव्हेटसारखा नट दाबून बसवलेला असतो. ढिल्या केजवर बरेच दिवस भार पडला की तो नट नळीतलं आपलं भोक मोठं करतो आणि फिरायला लागतो.

आधी बोल्ट काढायचा. केज सोबत असल्याने नटाची कॉलर झाकली गेलीय. वरचा बोल्ट काढा, केज बाजूला फिरवा, खालच्या बोल्टच्या डोक्याखाली पातळ स्क्रूड्रायव्हर घालून केजला फ्रेमपासून दूर उचला. या ताणाने नटाचा आतला फुगीर भाग नळीला आतून घट्ट दाबला जातो आणि फिरणं थांबतं, तेवढ्यात दुसऱ्या हाताने एलन की उलटी फिरवा. नाहीच जमलं तर बोल्टच्या डोक्यावर ५.५ चा ड्रिल चालवून डोकंच उडवा. केज निघाला की कॉलर पक्कडीत धरून उरलेला बोल्ट काढता येतो.

मग नट परत आवळून बसवायचा. त्यासाठी एम५ चा २५ मिमी लांब बोल्ट, एम५ चा साधा नट, दोन सपाट वायसर आणि एम६ चा एक नट घ्या. बोल्टवर आधी एम५ नट चढवून डोक्यापर्यंत न्या, मग वायसर, मग एम६ नट (हा फक्त ठोकळ्यासारखा, त्याचे आटे बोल्टला लागत नाहीत), मग दुसरा वायसर. वायसरांना दोन्ही बाजूंनी थोडं ग्रीस. हे सगळं फ्रेममधल्या नटात पाच-सहा फेऱ्या बसवा. आता बोल्टचं डोकं एलन कीने जागच्या जागी धरून ठेवा, तसूभर फिरू देऊ नका, आणि ८ नंबरच्या पान्याने एम५ नट घड्याळाच्या दिशेने खाली आवळत जा. बोल्ट वर ओढला जातो, सोबत फ्रेममधल्या नटाची आतली बाजू फुगून नळीला घट्ट बसते. पान्याला जोर एकदम वाढल्यासारखा वाटला की थांबा. आणखी ओढलं तर त्या नटाचे आटे उपटून येतात आणि मग नवा रिव्हेट नट बसवण्याखेरीज इलाज नाही, त्याचं हत्यार तालुक्याच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे किंवा मोठ्या सायकल दुकानात असतं.

बसवल्यावर पुन्हा फिरू नये म्हणून कॉलरच्या कडेने दोन भागांच्या इपॉक्सी गोंदाची बारीक रेघ ओढा आणि पूर्ण एक दिवस केज लावू नका. कार्बन फ्रेम असती तर हे घरी करा म्हणून कधीच सांगितलं नसतं.

लिटरच्या बाटलीचं: २५ सेमी घेर म्हणजे व्यास ८० मिमीच्या जवळ. ती ७३ च्या केजमध्ये कोंबली की केजचे हात कायमचे फाकतात, आणि मग ७५०ची बाटलीही उडायला लागते. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय, म्हणून दोन्ही उडतात. एका केजमध्ये दोन जाडीच्या बाटल्या आलटून पालटून टाकायच्या नाहीत. मोठ्या पाण्याच्या बाटल्यांसाठी वेगळे केज असतात, टोपीकचा मोड्युला एक्सएल त्यातलाच, पण तुमच्या बजेटच्या बाहेर जाईल. शिवाय दुकानातल्या बाटलीची भिंत पातळ, पाणी अर्धं झालं की ती आत दबते आणि पकड जाते. ७५०ची केजमध्ये ठेवा, लिटरची मागच्या कॅरिअरला बांधा.

दांडीवाला

यात जुन्या काळ्या सायकलीवाल्यांचंही लिहून ठेवतो, कारण त्यांच्या फ्रेमला केजची भोकंच नसतात आणि मग हँडलला बाटली लटकवली जाते. हँडलवर किलोभर वजन झुलत राहिलं की वळताना सायकल ओढते, आणि क्लॅम्प तर सरकतोच.

दोन होज क्लॅम्प घ्या, ज्याला पंपवाले ज्युबिली क्लिप म्हणतात, २५ ते ४० मिमीच्या मापाच्या. या फ्रेमच्या नळ्या इंच ते सव्वा इंच जाडीच्या असतात, त्यांना हे माप बरोबर बसतं. आधी नळीवर ट्यूबची ३ सेमी रुंद पट्टी पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवा. पट्टी नसेल तर क्लॅम्प रंगावर घसरतो, आणि रंग गेला की नळी गंजते. त्यावर केज ठेवा, केजच्या पाठीच्या पट्टीवरून एक क्लॅम्प वर, एक खाली. पाठ पट्टीची नसून सळईची असेल तर क्लॅम्प दोन्ही सळयांवरून न्या. दोघांमध्ये निदान ५-६ सेमी अंतर ठेवा, जवळ लावले तर केज डोलतो.

क्लॅम्पचा स्क्रू पायाच्या बाजूला येऊ देऊ नका, नळीच्या खालच्या बाजूला वळवा. क्लॅम्पच्या पट्टीची उरलेली शेपटी पत्र्याच्या कात्रीने कापून कानशीने गोल करा आणि वरून ट्यूबचा तुकडा गुंडाळा. ती शेपटी पातळ पत्र्याची असते, पॅन्ट तर फाडतेच, पिंडरीही कापते. बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मडगार्ड आणि बाटलीत बोटभर जागा आहे का पाहा.

इन्सुलेशन टेप वापरू नका. उन्हाळ्यात त्याचा गोंद वितळतो, टेप सरकतो, हाताला-बाटलीला चिकट लागतं.

काळीमाती

दांडीवाले भाऊ, टेपाचं लाख बोलले.

एक ओल्या मोज्याचं राह्यलं. उन्हाळ्यात पाणी थंड राहावं म्हणून बाटलीले ओला मोजा घालतेत, छागलीसारखं. थंड राहते, खरं हाय, वारा लागला का मोज्यातलं पाणी उडते आणि आतलं गार होते. पण जाड मोज्यानं व्यास तीन-चार एमएमनं वाढते. केज परत फाकते. पातळ सुती मोजा घ्या, आणि केजची जीभ जिथं खाचेत बसते तिथं मोज्याले खिडकी कापा. नाहीतर जीभ कापडावर घसरते.

वेल्क्रोचा पट्टा कोणी सांगितला तर घेऊ नका. कार्तिकानंतर पांदणीत कुसळं असते, वेल्क्रोत शिरली का तो पट्टा पुन्हा चिकटत नाही, कुसळ काढता काढता दिवस जाते. पट्टाच लावायचा तर बकलाचा लावा, नाहीतर ट्यूबची रिंग बरी.

पांदणवाट

नट बसला. वायसर, थ्रेडलॉक, हवा मागे ३२ पुढे २८, केज तिरक्या नळीवर. केज अजून जुनाच आहे, त्यावर मोटरसायकलच्या ट्यूबची रिंग चढवली. काट्यावर आता ३ किलो २०० ला बाटली सुटते. नवा केज घेऊ की एवढ्यावर चालेल? आणि सीटखालच्या नळीवरची जागा रिकामी झाली, तिथे दुसरा केज लावला तर?

घाटवाट

३.२ सकाळची की दुपारची? तो केज प्लास्टिकचा आहे. दुपारी तीनला, सायकल तासभर उन्हात ठेवून पुन्हा ओढा. तेव्हाही तीनच्या वर असेल तर सध्या चालवा, अडीचच्या खाली गेला तर नवा घ्याच. पाठीमागे, दोन्ही बोल्टांच्या मधे पांढरट रेघ दिसते का तेही उजेडात पाहा. दिसली तर काट्यावर कितीही आकडा येवो, तो केज काढून टाका.

सीटखालच्या नळीवर दुसरा केज लावताना आधी दोन्ही बाटल्या हातात धरून जागा पाहा, छोट्या फ्रेममध्ये त्यांची तळं एकमेकांना लागतात. मधे १० मिमी तरी हवेत. कमी पडत असेल तर २० × ३ ची लोखंडी पट्टी घेऊन ६४ मिमीवर दोन भोकं फ्रेमसाठी आणि तीच जोडी २५ मिमी वर सरकवून केजसाठी पाडा. नटबोल्ट यांनी सांगितलंय तसं, सीटचा दांडा आत कुठवर येतो ते आधी पाहून घ्या. त्या केजमध्ये आधी प्यायची बाटली ठेवा. भरलेली तिरक्या नळीवर, रिकामी होत जाणारी सीटखाली.

नटबोल्ट

पट्टीच्या भोकांना ५.५ चा ड्रिल, ५ चा नको. आणि भोकाच्या कडा कानशीने मारा, तो पत्रा बोल्टचे आटे खातो.